चाळीस टन पांढरी खडी

निरोपाला हमूद अरबाबनं घड्याळ दिलं नाही.
दोन रात्रींचं पाकीट दिलं. म्हणाला,
बावीस वर्षं माझा हिशेब सांभाळलास,
आता दोन दिवस काही मोजू नकोस.
व्हिसा गुरुवारी संपत होता.

रुवीतून टॅक्सीनं पाऊण तास.
डोंगर फोडून केलेला रस्ता, मग एकदम समुद्र
आणि त्याच्या काठावर जपान.

दारात वाकली रोवेना, इलोइलोची,
किमोनोत, पाठीवर उशीएवढी गाठ.
मीही वाकलो. ती पुन्हा वाकली.
मग मी पुन्हा. हे कुणी थांबवायचं
ते मला कळेना.

फॉर्मवर रकाना: कायमचा पत्ता.
इतकी वर्षं पोस्ट बॉक्सचा नंबर लिहीत आलो.
पेन टेकवून थांबलो, मग लिहिलं:
जयसिंगपूर, सहावी गल्ली.
अक्षर आपलंच, पण दुसऱ्याच्या वतीनं सही केल्यासारखं.

खोलीत पलंग नाही.
चटई, चटईवर गादी, गादीवर मी.
शालनला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली,
एवढे पैसे घेऊन खालीच निजवलं?
संडासाचं झाकण जवळ गेलं की आपोआप उघडतं,
ते मात्र तिला तीनदा बघायचं होतं.

जेवणात भोपळ्याची एक फोड,
पानासारखी कापलेली, शिरांसकट.
एवढ्या मोठ्या ताटात एकटी,
जणू पंगतीला बाकीचे यायचे आहेत.

कागदाचं दार सरकवलं तरी आवाज येत नाही.
पहिली सहा वर्षं आठ जणांच्या खोलीत काढलेल्या माणसाला
आवाज न येणं
रात्रभर ऐकू येत राहतं.

पहाटे बांग झाली तसा बाहेर आलो.
अंगणभर पांढरी खडी, आणि एक माणूस
लांब दाताळ्यानं तिच्यावर लाटा ओढत होता.
सिद्धय्या, करीमनगरचा.
उलटा उलटा चालत,
स्वतःचं पाऊल स्वतःच पुसत.
"किनारे से, सर," एवढंच म्हणाला,
तोवर माझी एक चप्पल लाटेत गेलेली.

मी विचारलं, बाहेरची वाळू का नाही?
कुंपणापलीकडे देशच्या देश पडलाय.
म्हणाला, ती उडते. ही बसते.
ही जपानहून आली, जहाजातून.

तेव्हा आठवलं.
तीन वर्षांपूर्वी माझ्याच टेबलावर एक बिल:
पांढरी खडी, चाळीस टन, कोबे ते सोहार.
मी लाल गोल केला होता, शेजारी प्रश्नचिन्ह.
ओमानला दगड?
टायपिंगची चूक असणार म्हणून
दोन दिवस अडवून ठेवलं होतं.
अरबाब हसला होता: मंजूर कर, लोक पैसे देतात.

चूक नव्हती.
कडेला उकिडवा बसून मी बराच वेळ
माझ्या त्या प्रश्नचिन्हाकडे बघत राहिलो.
सिद्धय्यानं तोवर त्याच्यावरून
आणखी दोन लाटा नेल्या.

आणि चपलांचं सांगायचं राहिलं.
आल्या दिवशी घाईत काढल्या, तोंडं आतल्या बाजूला.
परत पाहतो तर कुणीतरी फिरवून ठेवलेल्या,
तोंडं दाराकडे, एकमेकींना चिकटून.
मला राग आला. आलो नाही तोच निघा म्हणतात?
रोवेना म्हणाली, नाही सर, हा मान असतो.
जाताना पाहुण्याला वळावं लागू नये.

मी मान हलवली.
बावीस वर्षांपूर्वी विमानतळावरच्या माणसानं
शिक्का मारला, त्यात
येण्याच्या तारखेखाली
कधीपर्यंत तेही लिहिलेलं होतं.
त्यालाही मानच द्यायचा असेल.

टॅक्सीत बसल्यावर उजव्या टाचेला काहीतरी बोचलं.
वाकून काढलं. पांढरं, हरभऱ्याएवढं.
काच खाली करून टाकणार होतो.
मोजू नकोस, म्हणाला होता अरबाब.
चाळीस टन
वजा एक.