पेडलचं रबर

अक्कलकोट रोडची एमआयडीसी, मे महिना, दुपारचे साडेबारा.
टॉवेलच्या कारखान्यात, शेडखाली
नऊ वर्षांची जर्मन सेडान. रंग म्हणे मोतिया.
बॉनेटवर तळहात ठेवला:
शेडइतकंच तापलेलं, त्याहून जास्त नाही.
म्हणजे मी यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलेलं नाही.
एक मार्क तिथंच दिला.

रंगाची जाडी मोजली. मागचा डावा दरवाजा
दुसऱ्यांदा रंगवलाय.
"गड्ड्याच्या यात्रेत कुणीतरी घासला," येमूल शेठ म्हणाले,
मी न विचारताच.
काचांवरचे आकडे जुळले.
टायर चार, जन्मसालं तीन.
तेलाची दांडी पुसली, बुडवली, वास घेतला.

मीटर : एकेचाळीस हजार तीनशे सहा.

मग वाकलो, तर ब्रेकच्या पेडलचं रबर.
उजवा कोपरा गुळगुळीत, रेघा पुसलेल्या,
आतून लोखंड डोकावतंय.
लाखाच्या आत रबराचे असे हाल होत नाहीत.
अठरा वर्षं मी याचेच पैसे घेतो :
मीटर बोलतं ते ऐकायचं,
पेडल बोलतं ते लिहायचं.

शेठ चिडले नाहीत. नुसती हाक मारली, "इरण्णा!"
बाचक्यांमागून एक माणूस आला, खांद्यावर फडकं,
उजवा पाय बाहेर फेकत.
त्या पायात जाड तळव्याची चप्पल,
कडेनं खिळे ठोकलेली.
"बस रे."
तो बसला. टाच टेकली, पाऊल वळलं,
आणि खिळ्यांची कड
झिजल्या कोपऱ्यावर बरोब्बर जाऊन थांबली.
"ल्हानपणी मागात पाय गेलता साहेब.
ब्रेकला तेवढाच कोपरा घावतोय मला."

सर्व्हिसची वही मागवली. तीही जुळली.
मी खोडरबर शोधू लागलो.

एसीचा फिल्टर ओढून काढला तर
कापसाचा थर : गुलाबी, पोपटी, गडद निळा,
इथं विणून गेलेल्या टॉवेलांचे सगळे रंग.
पलीकडे फरशीवर नुसते तेलाचे चौकोन उरलेत,
माग उचलून नेलेल्या जागी.
माझ्या फॉर्मवर याला रकाना नाही.
"फिल्टर बदलावा," एवढंच लिहिलं.

डॉक्टर शाबाद्यांना फोन लावला.
गाडी खरी आहे. साडेनऊ म्हणतायत, पावणेनऊला सोडतील.
दोन टायर घ्या. पेडलचं रबर घ्या, तीनशे चाळीस रुपये.

इरण्णा आधीच लख्ख असलेली काच पुसत होता.
"डॉक्टर सोताच चालिवतेत का?"
"स्वतःच."
फडकं काचेवर दोन फेरे फिरलं.
"मग त्यांना सांगा. रिव्हर्स टाकला की झटका देती ती.
लगेच सोडायचं न्हाई. मोजायचं."
मी फॉर्म उलटा केला, पेन काढलं.
"ओंदु," तो म्हणाला, "एरडु.
मग सावकाश पाय काढायचा."