तूट

सोक्‌चोच्या बंदरात, धक्क्याला लागूनच माझं दुकान.
फुटलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या,
आणि थंडी पडली की एकच तक्रार.
"हा मला ओळखत नाही," ओक-बून म्हणते
आणि फोन समोर ठेवते
उर्मट जावयाचं गाऱ्हाणं घेऊन आल्यासारखी.

मावशी, जोर लावून उपयोग नाही,
काचेला दाब कळतच नाही.
आत धागे आहेत, डोळ्यांना न दिसणारे,
उभे आणि आडवे, मागावर असावेत तसे,
पण एकमेकांना न शिवणारे.
जिथे एकावरून दुसरा जातो
तिथे चिमूटभर वीज साठवलेली.
एक चिप, लिलावातल्या कारकुनासारखी,
सेकंदाला शंभरदा
चिमूट न् चिमूट मोजत बसते.
बोट जवळ आलं की थोडी वीज तिकडे वळते,
माणूस म्हणजे शेवटी खारं पाणीच.
हिशेबात तूट येते.
तुटीलाच ती स्पर्श म्हणते.

"म्हणजे मी चोर?"
चोरच. फक्त जाड रबरी हातमोज्यातून
ही चोरी साधत नाही.
ती हसली. हातमोजे काढले नाहीत.

गुरुवारी उणे अकरा होतं.
ती माकुळ साफ करत होती, कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्यात,
आणि पेटीवर ठेवलेला फोन वाजला.
सांग-ग्यून.
दक्षिण अटलांटिकमधल्या माकुळ-बोटीवरून
तीन आठवड्यांतून एकदा, तोही कधीमधी.
तिने बोट घासलं. पुन्हा घासलं.
हातमोजा दातांनी ओढला, निघेना.
चौथी रिंग. पाचवी.
मग पेटीतलं एक माकुळ उचललं
आणि त्याचा भुज हिरव्या वर्तुळावरून
सरळ ओढला.

काचेने विचारलं नाही, कोण.

"एवढा वेळ का लावलास, आई?"
स्पीकरवरून मला दारातही ऐकू आलं.
"हात कामात होते," ती म्हणाली,
आणि जेवलास का, एवढंच
तीनदा विचारलं.

संध्याकाळी फोन माझ्याकडे आला,
म्हणे वेड्यासारखा वागतोय.
काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब होते,
चिपला वाटे बोटंच आहेत.
फोटो आपोआप उघडत होते, मिटत होते,
एकदा गजर लागला,
मग एका थेंबाने त्याचाच नंबर लावला.

फडकं हातात धरून मी थांबलो.
रिंग जात होती.