हॅसवेल, टीएसएक्सविना

ब्र्नो शहरात, स्व्रात्का नदीपासून दोन ट्रामथांब्यांवर
वेंदुला नावांची यादी उघडते.

नेहेलम. ही ओरेगनातली नदी,
तिनं कधी पाहिलेली नाही.
नदीचं नाव चिपला,
चिपचं नाव चिपच्या या सोंगाला,
जे कुठल्याच खाचेत बसत नाही,
नुसतं सांगतं आतल्या यंत्राला:
तू अमुक आहेस.
आणि ते विश्वास ठेवतं.

खाली हॅसवेल.
त्याच्या एका कसबात खोट निघाली, ते काढून घेतलं,
आणि नावालाच शेपूट जोडलं: नो-टीएसएक्स.
जे गेलं, त्यावरून ओळख.
करवतीत बोट गेल्यापासून
तिच्या ओताकरकाकालाही गाव चारबोट्याच म्हणतं.
हल्ली तो हाकेला ओ देतो.

नवा आलेला राडिम विचारतो,
केवढी ही अडगळ! पुसून नीट लावू या का?

ती कॉफी ढवळत राहते.
कुठेतरी एक यंत्र, म्हणते,
दहा वर्षांपूर्वी कुणी थिजवून ठेवलंय, चालू वाक्याच्या मध्यात.
उद्या उठवलं, तर आधी हेच नाव विचारेल.
एक अक्षर हललं तर
उठणारच नाही.

आमच्या घराला अजून लोहाराकडे म्हणतात.
लोहार जाऊन ऐंशी वर्षं झाली.
पोस्टमन चुकत नाही.

मग ती तळाशी एक ओळ वाढवते,
तेच नाव, पुढे व्ही-पाच.
वरच्या चारांना हात लावत नाही.