अभिप्रायाची वही

तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लागलं. चूक माझी.
म्हणजे बोट आधी बुडाली,
मग तिला रंग लावला,
मग बँडच्या गजरात ती धक्क्यावरून निघाली
आणि दिवे लागले.
अडतीस जणांत कुणाला काही खटकलं नाही.
नोटप्रेसमधून निवृत्त झालेले गायधनी तर वहीत लिहून गेले :
‘इंग्रजांचा हा आशावाद घेण्यासारखा आहे.’

पुण्याहून एसटीच्या टपावरून आलेल्या तीन पेट्या.
सिनेमा काळा-पांढरा, तेव्हाच तीस वर्षं जुना.
आरमारातली एक खटारा बोट,
बांधलेल्या बोटीतही मळमळणारा कप्तान,
तोफेच्या नळीत बटाटे साठवणारे खलाशी.
लंडनहून मोठे साहेब तपासणीला येतात,
सलामीची तोफ उडते
आणि साहेबांची टोपी समुद्रात.
वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
लोखंडी खुर्च्या हसून हसून मागे सरकल्या.

देवळालीचे सुभेदार आहेर मात्र ताठ बसून होते.
‘बटाटा एवढा लांब जात नाही,’ त्यांनी लिहिलं.
खाली, बारीक अक्षरात : ‘प्रयत्न केलेला आहे.’

दमयंतीबाई क्षेमकल्याणी भूगोल शिकवायच्या.
त्यांचं म्हणणं, समुद्र फार थोडा दाखवलाय,
मी सदतीस वर्षं निळ्या खडूने काढला
त्याच्या निम्माही नाही.
(त्यांनी समुद्र पाहिला होता का,
हे विचारायचं माझ्या मनात राहून गेलं.)

नूरुद्दीन कोकणी, दूधबाजार.
आडनावात समुद्र, आणि चार पिढ्या गोदेच्या काठी.
त्यांनी वही बाजूला सारली, माझ्याजवळ आले.
‘इंजिनाच्या खोलीत एक जण कोळसा ओढतो,
पाठमोरा, चार सेकंद.
तो आपल्याकडचा वाटतो. परत लावता?’
मी हाताने रीळ मागे फिरवलं.
भिंतीवर पुन्हा फावडं, पुन्हा घामाने चकाकणारी पाठ.
तोंड नाही.
‘आजोबा होते बोटीवर,’ ते म्हणाले,
‘फोटो एकही नाही,’
आणि छत्री विसरून गेले.

सगळ्यात शेवटी चिंतामण बोडके.
रामकुंडावर लोकांना बाहेर काढायचा.
बोटीचा शिणेमा आहे एवढंच ऐकून आलेला,
केस ओले, हातात चपला.
पेन मुठीत धरून त्याने एकेक अक्षर कोरलं :
‘पडलेला मानूस येवढा ओरडत नाही.
बुडनारा गप असतो.
बाकी मजा आली.’

त्या पानावर पुढे कुणी लिहिलं नाही.

आमच्या गावात पाण्याला मीटर नाही, मारुती आहे.
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं आम्ही सांगतो
आणि सांगून चहा टाकतो.
ज्या वर्षी छातीच्या वर गेलं
त्या वर्षी पुलावरच्या गर्दीत मीही होतो, शेंगा खात.
खाली कमरेला दोर बांधलेला एक माणूस
गढूळ पाण्यात शिरत होता, वर येत होता,
रिकाम्या हातांनी वर येत होता.
तो कोण, हे मी त्याचं अक्षर पाहीपर्यंत
विचारलं नव्हतं कुणाला.

पुढच्या गुरुवारी, पेट्या परत धाडण्याआधी,
फुकट खेळ ठेवला. रिळांवर खडूने आकडे घातले,
एक, दोन, तीन.
बोटीला रंग लागला, बँड वाजला, बोट निघाली,
आणि शेवटाकडे, जसं ठरलं होतं तसं,
हळूहळू, सलाम ठोकत, बुडायला लागली.
सगळे हसत होते.
बोडके उठला. जिन्यापर्यंत मी मागे गेलो.

चपला पायात सरकवत तो म्हणाला,
‘मागल्या टायमाला
बराबर लावला होता तुम्ही.’