किरकोळ

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढून
मी बारदान्याच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवते.
तागाचा वास, इन्व्हर्टरची गुणगुण,
आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात हैदराबादेतला एक पोरगा,
वय माझ्या निम्मं.
मॅडम, तो म्हणतो, आधी डेटा स्वच्छ करा.

स्वच्छ म्हणजे काय ते मला विचार, बाबा.
आमच्या वह्यांत एकच गिऱ्हाईक
कधी ‘औशाचे पाटील’, कधी ‘पाटील औसा’,
कधी नुसतं ‘चष्मेवाले’.
तिघांचा एक माणूस करायला दोन रात्री गेल्या.
आणि मुरुडचे दोन ढोबळे, नाव एक, गाव एक,
ते वेगळे करायला तर अप्पांनाच विचारावं लागलं.
एक रोख देतो, म्हणाले, दुसरा खोकतो.
खोकल्यासाठी रकाना नव्हता.
मी केला.

अकरा वर्षं अशी रकान्यांत बसवली :
नवं पोतं, जुनं पोतं, शिवलेलं, सुतळी, ताडपत्री.
मग पोरगा म्हणाला, आता पिव्होट.
शब्द कळला नाही, हालचाल कळली.
खुंटा तोच ठेवायचा, वरचा दगड फिरवायचा,
आत टाकलंय तेच बाहेर पडतं,
फक्त बारीक.

सोयाबीनच्या दोन महिन्यांत रेघ टरारून वर गेली
आणि चैत्रात आडवी पडली
दुपारच्या कुत्र्यासारखी.
हे मला आमचं शटरही सांगू शकलं असतं.
तरी बघत बसले,
आपलं पोर दुसऱ्याच्या लग्नात नाचताना बघावं तसं.

पहिला गोल तक्ता काढला
तेव्हा अप्पा मागे येऊन उभे.
“काय करायलीस एवढ्या रातीचं?”
“खर्च कुठं कुठं जातो ते बघायलेय.”
चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले, हसले.
“ही तर आपली गोलाई की!
मधी देवी, आन् चहूकडं रस्ते.”
आणि गंजगोलाईत फिरावं तसं त्यांचं बोट
काचेवर फिरायला लागलं.
ही सुतळी, म्हंजी सराफ्याची बाजू.
ही हमाली, हिथून मोंढ्याला वाट.
लाईट बिल. बारीक गल्ली, मोटारसायकल जात न्हाई.

मग एक करडी फाक,
पागडीच्या भाड्याहून मोठी.
तिच्यावर त्यांच्याच वहीतला शब्द : किरकोळ.
बोट थांबलं.
“किरकोळ म्हंजी किरकोळ,” म्हणाले
आणि चपला शोधू लागले,
पायात असलेल्या.

फाकेवर दोनदा क्लिक करा, पोरगा सांगतो,
आत जाता येतं.
गेले.
एकशे बत्तीस ओळी.
दर दहा तारखेला एक, न चुकता.
आधी पंधराशे, मग दोन हजार, टाळेबंदीत दुप्पट.
नाव एकाही ओळीत नाही.

दहा तारखेला नूरबी येते.
सुतळी न्यायला, असं मला वाटायचं.
अकरा वर्षं मी तिला चहा दिला
आणि तिनं कधी सुतळी नेलेली बघितली नाही,
हे आज, या ओळींत, बघितलं.
तिचा दस्तगीर ज्या थप्पीखाली सापडला
ती पावसाच्या भीतीनं उंच लावलेली होती.
लावा म्हणून कुणी सांगितलं,
अप्पांनी की मी,
याची नोंद कुठल्याच वहीत नाही.
मला आठवतंय.
रकाना मात्र मी केला नाही.

आजच्या परीक्षेत सातवा प्रश्न :
लहान लहान नोंदींचं काय कराल?
वगळाल, ‘इतर’मध्ये टाकाल, की वेगळं नाव द्याल?
बाण बराच वेळ तिसऱ्या पर्यायावर थरथरला.
मग मी दुसरा दाबला.
हिरवी खूण आली. शाब्बास, मॅडम.

लॅपटॉप मिटला.
उद्या दहा तारीख.
दुकानातली साखर संपलीय.