पाचव्या दिवसाचं पाणी

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी सहाव्या. कधी रात्री दोनला.
म्हणून सोलापूरची बाई पाणी ओतून देत नाही.
शिळं असो, वर तवंग असो,
नळातून हवेची शिट्टी ऐकल्याशिवाय
पिंप आडवं करत नाही.
मीही त्यातलीच.
पिंपं चार, कळश्या सात, कान तुटलेलं एक पातेलं,
आणि कपाटात, लुगड्यांखाली, वही.

वहीत शांतवन आहे.
माझा पाठचा भाऊ.
आईच्या पाटल्या, दोन. रिक्षाचं परमिट, अठरा हजार.
दवाखान्याचं बिल, मीच भरलेलं.
बाबांच्या मातीच्या दिवशी तो काय बोलला,
तेही तारखेसकट, निळ्या शाईत.
अकरा वर्षं लिहिते आहे,
आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
त्याच हातांनी भाकर घेते, प्याला घेते,
ओठ पुसते,
घरी येऊन बेरीज तपासते.

कारखान्यात मी फणी भरायचे.
टॉवेलचे दोन हजार चारशे धागे,
एकेका फटीतून एकेक. डोळे गेले त्यात.
गाठ असलेला धागा फटीतून येत नाही,
ओढलात तर शेजारच्या चौघांना घेऊन तुटतो.
यल्लव्वा म्हणायची, नखानं उकल,
उकलत नसंल तर काप, जोड, फुडं चल.
तीस वर्षं हातांना हे माहीत होतं.
हातांनी वर कळवलं नाही.

पाळकबाई आल्या होत्या चहाला.
निघताना प्रार्थना केली,
प्रभू, आमच्या भगिनीचं ओझं तू घे.
मी डोळे मिटून मनात म्हटलं,
घे, पण वही राहू दे.
असं आहे माझं.
देवाला द्यायचं, तेही पावती घेऊन.

मंगळवारी पाणी आलं नाही. बुधवारी नाही.
कुठंतरी पाइप फुटला म्हणे.
रात्री शेवटच्या पिंपाचं झाकण काढलं,
बॅटरी मारली,
आत अळ्या. उजेड पडला की नाचतात.
एवढं जपलं, त्यात हे.
प्यायचं नाही, भांड्यांना चालायचं नाही,
आणि ते आहे म्हणून नव्याला जागा नाही.
किती वेळ उभी होते कोण जाणे.
नळ मुका. शिट्टी नाही.
मी पिंपाला गुडघा लावला.

गल्लीभर वाहत गेलं ते.
रत्नम्मा खिडकीतून ओरडली,
येड लागलं का शलोमीबाई, उद्या न्हाई आलं तर?
नाही आलं तर तुझ्याकडं मागेन, म्हटलं.
म्हटलं, आणि माझंच मला नवल वाटलं.
अकरा वर्षांत मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं,
त्याच्याकडेही नाही, खरं तर.

वही जाळली नाही. सोहळा कशाला.
रद्दीवाल्या मौलाच्या काट्यावर टाकली,
तीनशे ग्रॅम भरली.
मला वाटलं होतं, काटा खाली जाईल.

पाणी गुरुवारी आलं. कुणासाठी थांबून नव्हे,
सगळ्यांनाच आलं.
मी ओंजळ धरून उभी राहिले नळाखाली,
पिंप मागं वाट बघत होतं.

शनिवारी सात रस्त्याला रिक्षावाला हाका देत होता,
नई जिंदगी, नई जिंदगी, एक शीट, एक शीट.
शांतवन तिथंच राहतो.
या स्टॉपवरून मी तोंड फिरवून जायचे.
सामान हाय का मावशी? सामानाचे येगळे लागतील.
नाही, म्हटलं,
आणि सवयीनं काखेतली पिशवी चाचपली.
आत चार कडक भाकऱ्या, शेंगाचटणी.
लहानपणी तो माझ्या वाटणीची चोरून खायचा,
हे वहीत नव्हतं.

तो दार उघडेल की नाही, ठाऊक नाही.
एक शीट म्हणाला, तरी अजून दोघं यायची होती.
ऊन चढत होतं. मी आत सरकून
जागा केली.