खट्

बातमी आली तेव्हा मी शाळेच्या जिमखान्यात
सहावीच्या एकोणचाळीस मुलांना
उंचीप्रमाणे उभं करत होते.
एका आईने फोन पुढे केला:
सरोवराच्या अलीकडची कॅमेरेवाली कंपनी
आणि पलीकडची भिंगवाली
एक होणार. एप्रिलपासून.
मी म्हटलं, मागच्या रांगेतला, हो तूच, हनुवटी खाली.

आमच्या सुवात ही सोयरीक जुनी आहे.
कडाक्याची थंडी पडली की सरोवर गोठतं,
रात्री बर्फ गडगडत फाटतो
आणि या काठापासून त्या काठापर्यंत
बर्फाचा वरंबा उठतो, कधी गुडघ्याएवढा, कधी कमरेएवढा.
देव चालत गेला म्हणतात, पलीकडे, देवीला भेटायला.
पुजारी पहाटे येऊन वहीत नोंद करतात.
शेकडो वर्षांची वही.
अलीकडच्या बहुतेक सालांपुढे दोनच शब्द:
मोकळं पाणी.

पत्रकात वर ठळक, ‘दोन परंपरांचा संगम’.
खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
जुन्या माउंटची भिंगं मार्चनंतर बनणार नाहीत.
सुटे भाग सात वर्षं मिळतील.
मी बोटांवर मोजलं.
माझी पन्नास मिलिमीटर तेव्हा चौतीस वर्षांची असेल,
आणि मी अडुसष्टची.
माझे सुटे भाग
आत्ताच मिळत नाहीत.

दुकानातला पोरगा म्हणाला, मध्ये एक कडं बसवा,
जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालेल.
चालते. पण फोकस हाताने,
आणि छिद्र किती उघडलंय ते कॅमेऱ्याला कळत नाही.
दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.
त्यापेक्षा नवी घ्या, म्हणाला, आता भिंग आणि कॅमेरा
एकाच घरचे, एकमेकांच्या चुका पोटात घालतात.
कडा वाकल्या तर सरळ करतात,
कोपरे काळवंडले तर उजळतात,
तुम्हाला पत्ताही लागत नाही.

कोपऱ्यांचं मात्र मला माहीत आहे.
सत्तावीस वर्षं माझ्या प्रत्येक वर्गफोटोत
कोपऱ्यांवर किंचित सावली आहे,
आणि लाजरी मुलं न सांगता
तिथेच जाऊन उभी राहतात.

इवादारेंकडे गेले. दारात पर्सिमन सोलून
दोरीला टांगत होते. पलीकडच्या कारखान्यात
अडतीस वर्षं भिंगं घासली त्यांनी.
अंगठ्याला कळायचं म्हणे,
डोळ्याला न दिसणारा उंचवटा कुठे राहिलाय.
वाईट वाटलं का, मी विचारलं.
‘भिंग कुणाच्या कॅमेऱ्यात जाणार
हे आम्ही कधी बघितलं नाही.
उजेड काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतो?’
एक फळ सोलून झालं. साल एकसंध निघाली.
‘माझ्या जागेवर आता चिनात्सु बसते.
चांगला हात आहे. गेल्या सोमवारपासून
तिला कुणी काम दिलेलं नाही.
येते, टेबल पुसते, जाते.’
मग मला चार पर्सिमन दिली,
वाळायला अजून महिना लागेल म्हणाले.

जानेवारीतल्या एका पहाटे मी काठावर गेले.
उणे तीन. पुजारी दोरीला बांधलेला थर्मामीटर
पाण्यातून ओढून काढत होते.
पाणी नुसतं हलत होतं,
पलीकडच्या कारखान्याच्या खिडक्या त्यात मोडत, जुळत होत्या.
वही उघडली. काय लिहिलं ते मी बघितलं नाही.
लेन्स बसवली, थोडी फिरवली:
खट्.
करारावर सह्या करताना असा आवाज
होतो का कुणास ठाऊक.

पुजारी म्हणाले, फोटोत मला मध्ये नको,
कडेला घ्या.